गव्हाणीवरचं पांढरं निशाण

"पुढून नका येऊ! मागून या, मागून!" मरिया तव्यावर भाकरी टाकून उठली आणि खिडकीतून दबक्या आवाजात ओरडली. "दार उघडंच हाय."

मागच्या दारानं दोघे आत आले. पुढे गोरक्ष मुकादम, मागे मच्छिंद्र. मच्छिंद्रनं उजवा हात धोतराच्या सोग्यात गुंडाळून पोटाशी धरला होता आणि सोगा लालभडक झाला होता. गोरक्षनं उसाच्या चोथ्याच्या ढिगाकडे एकदा मान वळवून बघितलं, कुणी पाहिलं नाही याची खात्री केली आणि दार लोटून घेतलं. जणू काही चोरीचा माल घेऊन आले होते! माणसाचं बोट चेचलं होतं, दुसरं काही नाही.

प्रभुदास कंपौंडर नुकताच दवाखान्यातून घरी येऊन पाय धुवत होता. साखर कारखान्याच्या दवाखान्यात तो एकटाच. डॉक्टर नगरहून आठवड्यातून एकदा यायचे, तेही गाडी चुकली नाही तर. मिशनच्या इस्पितळात शिकलेला, हाताचा हलका, बोलायला मवाळ माणूस. इतका मवाळ, की मरिया म्हणायची, यांच्या तोंडात देवानं जीभ घातली ती फक्त औषधाची चव बघायला.

"कुठं झालं?" त्यानं विचारलं. उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं.

"कुठं म्हंजे? तितंच," गोरक्ष म्हणाला. "गव्हानीच्या शेपटाला. त्या दातेरी चाकात."

गव्हाण म्हणजे कारखान्याचं तोंड. लांबलचक लोखंडी कुंडी, तिच्यात गाडीवाले उसाच्या मोळ्या टाकतात आणि तळाची साखळी तो ऊस चरकाकडे ओढत नेते. साखळी जिथून वळते तिथं हातभर दात्यांचं एक चाक. उघडं, बोडकं. साखळीत पाचट अडकलं की हातानं ओढून काढायचं आणि चाकानं हात ओढायच्या आत तो मागे घ्यायचा. ज्याला जमलं त्याचं जमलं.

प्रभुदासनं कोमट पाण्यात पोटॅश टाकलं, पाणी जांभळं झालं, त्यात मच्छिंद्रचा हात बुडवला. मच्छिंद्रनं दात आवळले. मरियानं न सांगता ट्रंकेतून आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा काढला आणि टरकन फाडला. दवाखान्यातली पट्टी घरी आणायची सोय नव्हती. पट्टी कमी झाली म्हणजे जखम झाली, आणि जखम झाली म्हणजे निशाण उतरलं.

"दादा, बोट ऱ्हाईल का?"

"शेंडा जाईल."

"जाऊंद्या. शेंड्यावाचून कुनाचं काय अडतंय? निशान ऱ्हायलं म्हंजे झालं."

तेवढ्यात दारातून आणखी एक डोकं आत आलं. मच्छिंद्रची बायको, राहीबाई. ती कारखान्यात नव्हती. ठेकेदाराच्या बायांत होती. गव्हाणीतून खाली सांडलेला ऊस पाटीत गोळा करून पुन्हा वर टाकायचा, हे तिचं काम. नवऱ्याचं बोट बघून तिचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. पण बाई मोठी खट. लगेच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्या म्हनलं हुतं, त्या चाकासंगं सोयरीक करू नका. पर ऐकतंय कोन! दादा, आता याच हातानं माझ्यावर उगारत्यात, तेवडं एक बोट तरी कमी लागंल मला."

गोरक्ष हसला, मच्छिंद्रही कण्हता कण्हता हसला. राहीबाईनं डोळे पुसले ते कुणाला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून पुसले. तिच्या अंगावरच्या लुगड्याला इतक्या गाठी होत्या की मूळ कापड कोणतं आणि गाठ कोणती ते सांगणं अवघड. शिवायला दोरा नाही, मग फाटलं की गाठ मारायची. आणि हे लुगडंसुद्धा तिच्या एकटीचं नव्हतं. तिची सासू बनुबाई आणि ती, दोघींत मिळून ते एकच. सून कामावर गेली की म्हातारी पोत्याचं तरट गुंडाळून दार लावून बसायची. सून परत आली, की लुगडं सोडून द्यायची, मग म्हातारी बाहेरचं उरकून यायची. लढाई संपली म्हणे. जर्मन हरला, जपान हरला. पण कापड काही सुटलं नव्हतं. कंट्रोलच्या दुकानापुढे राहात्याला जाऊन दिवसभर उभं राहावं, आणि आपला नंबर आला की दुकानदारानं फळी लावावी, असे ते दिवस.

म्हणून तर त्या निशाणाला एवढी किंमत आली होती.

निशाणाची कल्पना मॅनेजर राधाकृष्ण सबनीस यांची. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर एक वेळ बरं झालं असतं, लोकांनी शिव्या देऊन मन मोकळं केलं असतं. सबनीसांना मनापासून वाटायचं, की आपल्या कारखान्यात कुणाचा हातपाय तुटू नये. मुंबईहून ते एक इंग्रजी मासिक मागवायचे. त्यात त्यांनी वाचलं, की अपघात कमी करायचे तर आधी ते मोजायला हवेत, आणि मोजमाप सगळ्यांना दिसायला हवं. झालं. गळीत सुरू झालं त्या दिवशी प्रत्येक खात्यावर एक बांबू उभा राहिला. खात्यात कुणाला इजा नाही, तर पांढरं निशाण. इजा झाली, दवाखान्यात नोंद झाली, की लाल. आणि ज्या खात्याचं निशाण संक्रांतीपर्यंत पांढरं राहील, त्या खात्यातल्या प्रत्येक माणसाला कारखान्याकडून संक्रांतीचं वाण म्हणून एक नवं कोरं लुगडं.

लुगडं! त्या सालात! सबनीसांनी सोन्याची मोहर ठेवली असती तरी माणसं एवढी हलली नसती.

पहिल्या पंधरवड्यात चरकखात्यात एकाचा पाय भाजला. तो भाबडा माणूस लंगडत सरळ दवाखान्यात गेला. संध्याकाळी चरकखात्यावर लाल निशाण चढलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याशी कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी पाणवठ्यावर त्याच्या बायकोची घागर बायांनी लाथाडली. मग तो पुन्हा कामावर आलाच नाही, बिऱ्हाड घेऊन कुठं श्रीगोंद्याकडे निघून गेला म्हणतात. तेवढ्यानं सगळ्यांना काय समजायचं ते समजलं. मग बॉयलरवरचा एकजण सडलेला अंगठा घेऊन हिंडताना प्रभुदासला दिसला. दवाखान्यात ये म्हटलं तर तो हात जोडायला लागला. प्रभुदासला राहवलं नाही. म्हणाला, "दवाखान्यात नको तर नको. घरी ये. मागच्या दारानं."

दया केली. दुसरं काय केलं? पण त्या दिवसापासून दवाखाना ओस पडला आणि कंपौंडरच्या घराचं मागचं दार सारखं वाजायला लागलं.

रोज सकाळी सबनीस दवाखान्याच्या पायरीवर येऊन विचारायचे, "काय प्रभुदास, काल कोणी?"

"कोणी नाही, साहेब."

"शाब्बास!" ते म्हणायचे आणि खरोखर आनंदानं हात चोळत जायचे. त्यांचा तो आनंद बघून प्रभुदास खाली मान घालून बाटल्या पुसायला लागायचा. पण कोंबडं एकदा झाकलं, की त्याच्यावर बसून राहावं लागतं.

मच्छिंद्रच्या बोटानंतर मात्र त्याला झोप लागली नाही. त्या चाकानं आधीही बोटं घेतली होती. एकाचा पंजा थोडक्यात वाचला होता. आज बोट, उद्या हात. त्या चाकावर एक लोखंडी जाळी बसवली असती तर सगळं मिटत होतं. मरिया अंथरुणावरून म्हणाली, "साहेबाला सांगून टाका एकदा. काय व्हायचं ते होऊ द्या."

"सांगितलं तर निशाण उतरेल. सगळ्या गव्हाणीची लुगडी जातील. मला लोक दगड मारतील."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

 सकाळी उठून प्रभुदास ऑफिसात गेला. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"साहेब, गव्हाणीच्या चाकाला एक जाळी हवी होती."

सबनीसांनी चष्मा वर केला. "जाळी? हो, हो. जाळी आलीय. मोठ्या मुश्किलीनं एक मिळालीय, लोखंडाचं परमिट म्हणजे काय दिव्य आहे ते तुम्हाला माहीत नाही. ती चरकाला लावतोय."

"गव्हाणीला लागली असती तर बरं होतं, साहेब."

"प्रभुदास," सबनीस समजुतीनं म्हणाले, "जाळी एक, खाती अनेक. मग कुठं लावायची हे मी ठरवू कशावरून? मनाला येईल तसं? चरकावर लाल निशाण आहे. गव्हाणीवर पहिल्या दिवसापासून पांढरं आहे. जिथं दुखतंय तिथं औषध लावायचं, हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला?" मग थांबून त्यांनी नीट त्याच्याकडे बघितलं. "का? गव्हाणीवर कुणाला काही झालंय का?"

हीच ती घडी. एवढं स्वच्छ कुणी कधी विचारलं नव्हतं. प्रभुदासच्या ओठावर मच्छिंद्रचं नाव आलं. पण दाराबाहेर गव्हाणीवरची माणसं हजेरी द्यायला उभी होती. त्यांत मच्छिंद्रही होता, फडक्यानं गुंडाळलेला हात बंडीत लपवून. गोरक्ष मुकादम एकटक आत बघत होता. आणि प्रभुदासच्या मनात आपल्या नोकरीचा विचार आला नाही असं कसं म्हणावं? रोज खोटं सांगणाऱ्या कंपौंडरला कोण ठेवील? आपलेच दात, आपलेच ओठ.

"नाही, साहेब. कोणाला नाही."

"मग झालं तर!" सबनीस म्हणाले.

बाहेर आल्यावर गोरक्षनं त्याला बाजूला घेतलं. "दादा, उपकार झालं बगा तुमचं. आता संक्रांत कितीशी लांब हाय? संक्रांत झाली, लुगडी हातात पडली, की आमी सगळी मिळून सायबाकडं जातो. बोटं दावतो सायबाला. मग तर जाळी बसंल का न्हाई?"

"तोवर?"

"तोवर जपून काम करायचं. लेकरं हायत का आमी?"

प्रभुदासला हे पटलं. पटवून घ्यायचंच होतं त्याला. घरी येऊन मरियाला म्हणाला, "संक्रांत झाली की सांगणार आहेत सगळे." मरिया भाकरी थापत होती. तिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "त्या चाकाला कोनी सांगितलंय का, संक्रांतीपत्तूर थांब म्हनून?"

चाक थांबलं नाही.

भोगीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. दुपारची वेळ, उसाच्या गाड्यांची रांग पार कालव्यापर्यंत लागलेली. राहीबाई गव्हाणीच्या शेपटाखाली वाकून ऊस वेचत होती. त्या दिवशी ती भारी खुशीत होती, असं बरोबरच्या बाया सांगतात. मच्छिंद्रला मिळायचं लुगडं हिरवं घ्यायचं की जांभळं, यावर तिचं नि शेजारी ऊस वेचणाऱ्या मालनबाईचं भांडण चाललं होतं. राहीबाई म्हणत होती, "माझ्या सासूला जांभळं आवडतंय. मला काय, म्या हेच गाठीचं नेसंन. पर म्हातारी उजेडात येईल एकदाची." असं म्हणत ती पाटी उचलायला उठली. पदराची एक गाठ चाकाच्या दातात अडकली. साधा पदर असता तर टर्रकन फाटला असता. गाठीवर गाठ मारून दोरखंड झालेलं ते लुगडं फाटलं नाही. त्यानं तिला ओढून नेलं.

मच्छिंद्र साखळीच्या त्या टोकाला होता. त्यानं आरोळी ठोकली, साखळी थांबली, पण तोवर राहीबाईचा उजवा हात खांद्यापाशी नुसता लोंबत होता आणि रक्ताची पिचकारी उडत होती. माणसं धावली. गोरक्षनं तिला खांद्यावर घेतलं, मच्छिंद्रनं पाय धरले, आणि ती सगळी धावत सुटली.

कुठं?

दवाखाना समोर दिसत होता. गव्हाणीपासून ऑफिसच्या अंगणातून सरळ गेलं की आलाच. प्रभुदास आत स्टूलवर बसून रिकाम्या खाटेकडे बघत होता. चिमटे, टाके घालायच्या सुया, शीर बांधायची रबरी नळी, सगळं त्याच्या मागच्या कपाटात मांडलेलं. आणि ही माणसं धावली ती दवाखान्याकडे पाठ करून. चोथ्याच्या ढिगाला वळसा घालून, बैलगाड्यांच्या मागून, मळीच्या टाकीपलीकडून, कंपौंडरच्या घराच्या मागच्या दाराकडे. कुणी सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही. पायांना तीच वाट पाठ झाली होती. जखम झाली की मागचं दार. एवढ्या गर्दीत एकाच्याही मनात आलं नाही, की अरे, ही तर ठेकेदाराची बाई, हिच्यानं आपलं निशाण पडणार नाही, हिला सरळ समोर घेऊन जावं!

मरियानं दार उघडलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "अगं माझ्या बाये! अरे, हिला हितं कशाला आनली? ते दवाखान्यात हायत ना!" ती तशीच पायात काही न घालता दवाखान्याकडे पळाली. प्रभुदास कपाटातलं हाताला लागेल ते घेऊन पळत आला. मागच्या दाराच्या ओट्यावर पोहोचला तेव्हा तिथं निजवलेली राहीबाई डोळे उघडे ठेवून आढ्याकडे बघत होती. त्यानं नळी आवळली. पण आवळून काय अडवायचं? आत काही उरलंच नव्हतं.

ती एकदाच बोलली. "दादा, लुगडं फाटलं का वो?" म्हणाली. "आत्या घरात बसल्यात."

मग गेली.

प्रभुदास तिथंच जमिनीवर बसला. त्यानं आपलं कपाळ भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. मरियानं त्याला धरलं नाही. तिनं ट्रंक उघडली, चर्चला जायचं आपलं एकुलतं एक धड लुगडं काढलं आणि राहीबाईवर पांघरलं. गाठीचं लुगडं कापून काढावं लागलं होतं, त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. तिकडे वस्तीवर बनुबाई दाराच्या फटीतून विचारत राहिली, "काय झालं गं? कोन रडतंय?" आणि बाहेर येऊ शकली नाही. सुनेची तिरडी उचलली तेव्हासुद्धा म्हातारी तरट गुंडाळून दाराआड बसून होती. तिनं सुनेचं तोंड पाहिलं नाही.

पण ते पुढचं. त्याआधी, रक्तानं भरलेल्या बाह्यांनीच, प्रभुदास उठून सबनीसांकडे निघाला. वाटेत मच्छिंद्र आडवा आला.

"दादा, कुटं निगालात?"

"साहेबाकडे. सगळं सांगणार."

मच्छिंद्रनं त्याचे पाय धरले. ज्याची बायको अजून ओट्यावर पडली होती त्या माणसानं! "नका, दादा. माझी गेली ती गेली. ती काय माघारी येत न्हाई. पर बोटांचं सांगितलं तर निशान जाईल, सगळ्यांच्या बायांची लुगडी जातील. त्या मला म्हनतील, राहीबाईपाई झालं. मेलेलीला शिव्या बसतील, दादा. आन् माझी आई... तिला आता एक चिंदी न्हाई घरात."

प्रभुदास पाय सोडवून घेऊन पुढे गेला. आयुष्यात एकदाच तो कुणाचं न ऐकता गेला.

सबनीसांनी सगळं ऐकलं. राहीबाईचं ऐकताना ते खुर्चीतून उठले होते. मच्छिंद्रचं, बॉयलरवाल्याचं, सगळ्यांची बोटं, अंगठे, भाजलेले पाय ऐकता ऐकता ते सावकाश खाली बसले. चेहरा राखेसारखा झाला. बराच वेळ ते खिडकीबाहेरच्या पांढऱ्या निशाणांकडे बघत राहिले.

"मी तुम्हाला रोज विचारत होतो, प्रभुदास."

"होय, साहेब."

"त्या दिवशी तर या गव्हाणीचंच विचारलं होतं."

"होय, साहेब."

"तुम्ही मला रोज खोटं सांगितलंत. मग आज जे सांगताय ते मी वर मालकांना कसं सांगू? काय म्हणून सांगू?" त्यांचा आवाज फुटला. त्यांना राग आला होता की रडू येत होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कोपऱ्यातला हजेरीचा कारकून हळूच खाकरला. "साहेब, ती बाई आपल्या हजेरीला नाही. ठेकेदाराकडची आहे. आपल्या खात्यात इजा नाही."

 मग सबनीसांनी चष्मा काढून पुसला आणि प्रभुदासकडे न बघता म्हणाले, "तुम्ही आता घरी जा. आंघोळ करा."

"जाळीचं, साहेब..."

"परमिटसाठी अर्ज करतो. जा आता."

पाटील आला, पंचनामा झाला. बाई पदर सांभाळून वागली नाही म्हणून तिच्या निष्काळजीपणानं मेली, असं ठरलं. साखळी तर संध्याकाळच्या पाळीलाच सुरू झाली होती, गाड्या किती वेळ खोळंबून ठेवणार?

संक्रांतीला अंगणात मांडव घातला. नगरहून मालक आले. त्यांनी भाषण केलं, की एवढा मोठा कारखाना आणि एवढे कमी अपघात, असं साऱ्या प्रांतात उदाहरण नाही. टाळ्या पडल्या. गव्हाणीवरच्या माणसांना एकेक करून पुढे बोलावून लुगडं दिलं. सबनीस बाजूला उभे होते, खाली मान घालून. मच्छिंद्रचं नाव पुकारलं. मच्छिंद्र गेला, डाव्या हातानं लुगडं घेतलं, मालकांना वाकून नमस्कार केला. मालकांनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, "घरच्या लक्ष्मीला द्या हो." त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"व्हय जी," मच्छिंद्र म्हणाला.

प्रभुदास मांडवाच्या खांबाला धरून उभा होता. त्यानं ओरडायला तोंड उघडलं. पण काय ओरडायचं? आणि कुणाला? गोरक्ष आणि गव्हाणीवरची सगळी माणसं नवी लुगडी छातीशी धरून बसली होती. कुणीही साहेबाकडे बोटं दाखवायला उठलं नाही, आणि आता ती उठणार नाहीत हेही त्याला कळून चुकलं. लुगडं मिळालं होतं. पुढचं लुगडं पाडव्याला मिळणार, असं मालकांनी नुकतंच जाहीर केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला. सबनीस पायरीवर आले नाहीत, त्यांनी शिपायाला विचारायला पाठवलं. प्रभुदासनं उत्तर दिलं नाही. दवाखान्याचं दार पुढे ओढून तो गव्हाणीकडे चालायला लागला. आपण कशाला चाललोय, ते त्यालाही माहीत नव्हतं.

गव्हाणीच्या शेपटाखाली एक बाई वाकून ऊस वेचत होती. जांभळं, कडक खळीचं, करकरीत लुगडं. ठेकेदाराला जागा भरायची होती आणि मच्छिंद्रच्या घरात एक माणूस कमी झालं होतं. बनुबाई होती ती. कित्येक महिन्यांनी दिवसाउजेडी बाहेर आलेली, डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून मिचकावत होती. कमरेत वाक आला होता, पाटी उचलताना पाय लटपटत होते. डोक्यावरचा नवा पदर गुळगुळीत, सारखा घसरून खाली येत होता, आणि तिच्या मागे वीतभर अंतरावर ते चाक फिरत होतं.

"आजी," प्रभुदास म्हणाला.  "पदर खोचा."

म्हातारीनं वर बघितलं. हा माणूस कोण ते तिला उमगलं नाही, पण साहेबासारखा टोपीवाला दिसला म्हणून तिनं घाईघाईनं पदर कमरेला खोचला आणि पुन्हा वाकली.

पाटी भरली. ती उठली. पदर सुटला.

"पदर खोचा, आजी."

तिनं खोचला. दवाखान्यात आज कुणी येणार नव्हतं. प्रभुदासनं टोपी काढून काखेत मारली आणि तो तिथंच चाकापाशी उभा राहिला.

"आजी. पदर."

"व्हय बाबा, व्हय," म्हातारी म्हणाली. "नवं हाय ना, अंगावर बसत न्हाई अजून."